दोनशेवीस इकडून, दोनशेवीस तिकडून

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी अकरा. स्थळ: आमच्या बदलापूरच्या घराचा हॉल. हजर: मी, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि आई. गैरहजर: विठ्ठलवाडीजवळच्या कॅम्प चारमधला टीव्ही मेकॅनिक. त्याला बोलवायची गरज नाही, असं मीच ठरवलं होतं.

दादाचं पूर्वी विठ्ठलवाडीला व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा एकच मशीन उरलं: कपाटाएवढं लाकडी खोकं आणि आत जाड काचेचा जुना मॉनिटर. दादाने पुढे नोकरी धरली. यंदा तो निवृत्त झाला आणि ते मशीन पुन्हा चालू करायचं त्याच्या मनाने घेतलं. त्याच्या घरात जागा नाही, म्हणून ते माझ्या हॉलमध्ये आलं. मी यादीशिवाय कामाला हात लावत नाही. वहीत अठरा कामं लिहिली.

सातवं काम होतं, वजन कमी करणे. खोक्याच्या तळाशी स्क्रूने बसवलेला एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर होता. उचलताना माझं मनगट वाकलं. त्यावर लिहिलं होतं, आत २२०, बाहेर २२०.

"जेवढं आत तेवढंच बाहेर," मी दादाला म्हटलं. "मग हा करतो काय?"

"बसून पगार खातो. आमच्या साहेबासारखा."

आम्ही हसलो. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडे गेला, मॉनिटरची वायर सरळ बोर्डात जोडली आणि मी सातव्या कामावर टिक केली.

त्या रविवारी बटण दाबलं आणि मीटरजवळचा खटका खाली पडला. वर केला, पुन्हा पडला. दादाने टॉर्च लावून पाहिलं आणि मॉनिटरच्या लोखंडी चौकटीवरची अर्थिंगची हिरवी वायर सोडवली. "ही नडतेय." या वेळी खटका पडला नाही. आतून घुं आवाज आला, तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि पडद्यावर रंग आले. दादा तोंडावर हात धरून उभा राहिला. मी टिक केली.

अठरावं काम पूजा. पुढे लिहिलं होतं, 'आईच्या हातून'.

आई मागे सरकली. "माझ्या हातून कुंकू कशाला गो? सूनबाईला सांग." बाबा गेल्यापासून ती कुंकवाच्या ताटाला शिवत नाही. ते मोडावं म्हणूनच मी ते काम तिच्या नावावर लिहिलं होतं.

"आई, वहीत लिहिलंय."

"मग झालंच," दादा म्हणाला. "हिच्या वहीतलं यमाला पण खोडता येत नाही."

आई हसली. तिने चपला काढल्या, पदर खोचला. फरशी मी नुकतीच पुसली होती, अजून ओली होती. तिने बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात टेकवलं आणि काचेकडे नेलं.

"काचेला नको, डाग पडेल," मी म्हटलं. "चौकटीच्या त्या लोखंडी पट्टीला लाव."

तिच्या तोंडून आवाज आला नाही. हात झटकला गेला, ती मागे भिंतीवर आदळली आणि घसरत खाली बसली. ताट त्यानंतर पडलं. मेन स्विच वहिनीने बंद केला. मी वही घेऊन उभी होते.

दवाखान्यात संध्याकाळपर्यंत ठेवलं. कार्डिओग्राम ठीक आला. बोटाच्या टोकाला तांदळाएवढा पांढरा फोड. परत येताना रिक्षात आई म्हणाली, "सांगत होते ना, माझ्या हातचं चालत नाही."

"आई, करंट होता तो."

"करंट होता, कळतं मला. पण तुम्ही तिघं सकाळपासून त्यात हात घालताय. तुम्हाला का नाही लागला?"

आम्हा तिघांच्या पायात रबरी चपला होत्या आणि हात कोरडे होते. हे उत्तर मला तेव्हाच सुचलं. मी रस्त्याकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. खोक्यात डोकावून त्याने पहिला प्रश्न विचारला, "ट्रान्सफॉर्मर किधर है?"

मी सांगितलं. तो स्टुलावर बसला.

"दीदी, दोनों साइड दो सौ बीस है, पर अंदर दोनों वायर कहीं जुड़ते नहीं. वो निकालो तो लाइन का करंट सीधा फ्रेम पे आता है." मग त्याला लोंबणारी हिरवी वायर दिसली. "ये भी निकाला? खटका गिरके बोल रहा था ना आपको."

आता नवीन ट्रान्सफॉर्मर बसला आहे. अर्थिंग जोडलं आहे. करंट गळला तर लगेच पडणारा वेगळा खटका लावला आहे. चौकटीला टेस्टर लावून मी स्वतः तीनदा पाहिलं. सगळ्यांवर टिक आहे. दादा दर रविवारी येऊन खेळतो.

आई येते, पण हॉलमध्ये बसत नाही, स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची घेते. मागच्या रविवारी शेजारीण मशीन बघायला आली, तेव्हा आई तिला हसत म्हणाली, "ते मला ओळखतं." बोलताना तिने उजवा हात पदराखाली घेतला. फोड कधीच गेलाय.

शेजारीण गेल्यावर मी वही काढली आणि खाली एक काम वाढवलं. एकोणीस: आईला सांगणे, हात तिचा होता, चूक सातव्या कामाची. पट्टी मी दाखवली.

त्यावर अजून टिक नाही.