बुधवारचे फोटो

मुंबईकरांचे समुद्राकाठचे बंगले सांभाळणाऱ्या एका एजन्सीत मी दहा वर्षं काम करते. कार्डावर माझा हुद्दा 'क्लायंट मॅनेजर' असा छापलाय. काम एवढंच, की ज्यांचं घर आहे ते इथे नसताना घराची काळजी घ्यायची, आणि ती घेतली जातेय हे त्यांना दिसत ठेवायचं. यातलं दुसरं जास्त अवघड.

माझ्याकडचा सगळ्यात मोठा क्लायंट म्हणजे काशीदच्या बाई. वय सत्तरीचं, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, राहायला मुंबईत. सुरुवातीला त्यांचा एकच बंगला आमच्याकडे होता. बाईंना शेवग्याची फुलं आवडतात, फोन सकाळी दहानंतरच चालतो, हे सगळं मी लक्षात ठेवत गेले. मग बाईंच्या शब्दावर मुलाचे अलिबागचे दोन बंगले आले, मग बहिणीचा, मग बहिणीच्या शेजाऱ्यांचे दोन. एकाचे सहा झाले. ऑफिसात माझं कौतुक झालं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सहाही घरं बाईंच्या एका शब्दावर आली होती, म्हणजे एका शब्दावर जाणारही होती. त्या घरांवर चौदा माणसं कामाला होती. अलिबागला मुलाच्या बंगल्यांवर माझी मोठी जाऊच होती, मीच लावलेली.

दर बुधवारी दहा वाजता प्रत्येक घराचे आठ फोटो पाठवायचे, हा आमचा नेम. वर्षातला एकच आठवडा तो पाळता येत नाही. भाताची लावणी लागली की आमच्याकडची माणसं कुणाचीच नसतात. माळी, साफसफाईवाल्या, रखवालदार, सगळे आपापल्या शेतात. मीसुद्धा दोन दिवस चिखलात असते. हे मुंबईला सांगायचं कसं? म्हणून आम्ही एक युक्ती काढली होती. रविवारीच सगळ्या घरांचे फोटो काढून ठेवायचे आणि बुधवारी दहाच्या ठोक्याला पाठवायचे. मी स्वतः पाठवायचे. पाच वर्षं कुणाला कळलं नाही, आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

त्या बुधवारी बाईंचं लगेच उत्तर आलं. "मागचा आंबा छान दिसतोय. शनिवारी रो-रो बोटीने येते. पडवीत दोन खुर्च्या काढून ठेव."

गुरुवारी सकाळी खुर्च्या काढायला मी स्कूटरवरून काशीदला गेले. घराला वळसा घालून मागे आले आणि तशीच उभी राहिले. आंब्याची एक अख्खी फांदी पडवीवर आडवी पडली होती. कौलांचा चुरा झाला होता. पडवीलगतच्या खोलीत पाणी घुसलं होतं, आणि त्याच खोलीत बाईंच्या यजमानांची पुस्तकं होती. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेली. खालच्या दोन फळ्यांवरची फुगून एकमेकांना चिकटली होती.

रखवालदाराला फोन केला. तो शेतातून पोटऱ्यांना चिखल घेऊन तसाच धावत आला. "ताई, सोमवारी रातच्याला वारा लय व्हता. तवाच पडली आसंल. मी रविवारपासून हिकडं फिरकलोच न्हाय." त्याचा आवाज कापत होता. माझाही कापत होता, फक्त मी मॅनेजर असल्यामुळे तो ऐकू येऊ द्यायचा नव्हता.

एजन्सीच्या मालकांना, म्हणजे सरांना, फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आज सकाळी पडली म्हणून सांग. झाड आहे, पडतं. कुणाचा दोष?"

मी फांदीकडे बघितलं. पानं सुकून काळपट पडली होती, तुटलेल्या जागेला मुंग्या लागल्या होत्या. झाडाकडे एकदा नीट बघणाऱ्या माणसाला ती आजची वाटली नसती, आणि बाई नीट बघणाऱ्या होत्या. मला बाईंच्या रागाची भीती नव्हती. त्या शनिवारी इथे उभ्या राहतील, फांदीकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील, त्या क्षणाची होती. मग चौदा जणांची तोंडं आठवली. दहा वाजून गेले होते. मी बाईंना फोन लावला.

सगळं सांगितलं. फांदी, कौलं, पुस्तकं, लावणी.

"म्हणजे काल मी बघत होते तो रविवार होता," बाई म्हणाल्या. "दर बुधवारी फोटो आला की मला वाटायचं, घर आत्ता, या मिनिटाला असंच आहे. मी चहा घेऊन बघत बसते गं."

"चुकलं, बाई."

"बाकीच्यांचेही असेच?"

इथे मी थांबायला हवं होतं. फक्त तुमचेच, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सुटायची घाई झाली होती. भीतीने माणसं खोटं बोलतात म्हणे, मी भीतीने खरं बोलले. "सगळ्यांचेच," मी म्हटलं.

शनिवारी बाई आल्या. ओली पुस्तकं एकेक करून पंख्याखाली मांडली, मला जवळ बसवून पानं सोडवायला लावली. जाताना म्हणाल्या, "लावणी असेल तर लावणी आहे म्हणून कळव. त्या आठवड्यात फोटो नको." बंगला त्यांनी आमच्याकडेच ठेवला. बहीण आणि तिचे शेजारीही राहिले. मुलाने मात्र दोन ओळींची मेल पाठवून अलिबागचे दोन्ही बंगले काढून घेतले, आणि तिथल्या माणसांची कामं गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले. मोठी जाऊ चिखलात वाकून रोपं लावत होती. बांधावर उभं राहूनच मी सगळं सांगितलं. सर म्हणाले ते, मी बोलले ते, मुलाने केलं ते. खरं बोलल्याचं थोडं कौतुक होईल अशी आशा होती, ते लपवत नाही.

तिने हातातली जुडी संपवली, मग कंबर सरळ केली.

"खरं बोललीस ते बरंच केलंस," ती म्हणाली. "पन आदी आमाला इचारायचं तरी व्हतंस."

ती पुन्हा वाकली. त्या सकाळी फांदीसमोर उभी असताना मला चौदा जणांची तोंडं आठवली होती. त्यातल्या एकालाही फोन करावा असं सुचलं नव्हतं. मी पदर खोचला, चिखलात उतरले आणि तिच्या शेजारची ओळ धरली. आमची अर्धी लावणी अजून बाकी होती.