भिकाजीचे दोन साक्षीदार

कॅसलरॉकात कुठं ठकठक आवाज आला की माणसं मान वर न करताच म्हणतात, "भिकाजी आला."

भिकाजी रेल्वेत की-मॅन होता. हातोडी खांद्यावर टाकून घाटातल्या रुळांवरनं चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करायची आणि पुढं सरकायचं, यातच त्याचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर हातोडी जमा झाली, पण ठोकण्याची सवय काही जमा झाली नाही. आता तो बोटांच्या पेरांनी ठोकतो. फाटक, दाराची कडी, हॉटेलातलं बाकडं, समोर येईल ते. देवळात गेला तरी घंटेआधी खांब वाजवून बघतो.

सैल म्हणून काही न खपणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरातलंच एक काम मात्र सैल राहिलं होतं.

बायको सावित्री गेलेली. मूल नव्हतं. होती ती रेश्मा, सावित्रीच्या बहिणीची पोर. आई गेल्यावर दुडदुडत या घरात आली, ती आता अंगणवाडीत गावाची पोरं सांभाळते आणि घरी भिकाजीला. दत्तकबित्तक कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपली पोर आपण कागदावर कशाला मागून घ्यायची? घर भिकाजीच्या पगारातनं उभं राहिलेलं, ते रेश्माला द्यायचं हे ठरलेलं. ग्रामदेवाला कौल लावला, उजवं फूल पडलं, साऱ्या गावानं बघितलं. वर भिकाजीनं स्वतःच्या हातानं कागद केला, 'माझे घर माझ्यामागे रेश्माचे.' खाली सही, आणि साक्षीदाराच्या जागी देवाचं नाव. कागद तांदळाच्या डब्यात. याहून घट्ट ते काय?

दिवाळीला रामनगरहून पुतण्या संदीप आला. त्याचे ट्रक आहेत, त्यामुळे मोकळी जागा दिसली की त्याला तिथं ट्रकच दिसतो. फराळाची ताटली हातात धरून तो परसात उभा राहिला.

"काका, ह्यो फणस काढला तर दोन गाड्या आरामात लागत्यात हितं."

"फणस रेश्माचा हाय."

"खाऊ दे की तिला फणस, कोण नको म्हणतंय? पण उताऱ्यावर नाव तुमचं. तुमच्यामागनं रक्ताचा मीच की न्हाई?"

"देवानं कौल दिलाय."

"दिला की. मग हापिसात सांगायला देव येतोय व्हय?" म्हणत संदीपनं चकली मोडली.

त्या चकलीचा आवाज भिकाजीच्या कानातनं निघेना. त्याला बूड टेकवेना. उठायचं, फणस ठोकायचा, विहिरीचा कठडा ठोकायचा, आत यायचं, तांदळाच्या डब्यात हात घालून कागद चाचपायचा, पुन्हा बाहेर.

"बाबा, सुम्म बसा की जरा!" रेश्मा वैतागली. "तुमच्या हातानं तांदळातलं किडंसुद्धा घर सोडून गेलं."

शेवटी तो कागद घेऊन एसटीनं तालुक्याला, जोयड्याला गेला. तिथल्या वकीलबाई रक्षिता वयानं रेश्माएवढ्याच. त्यांनी कागद वाचला, घराचे उतारे मागवून घेतले, आणि विचारलं, "मामा, विहीर कुठं आहे?"

"घरामागं. फणसाला लागून."

"ती जागा वेगळ्या नंबरात आहे. तुमच्या कागदात नुसतं घर. म्हणजे घर रेश्माचं आणि पाणी संदीपचं."

भिकाजीची बोटं वकीलबाईंचं टेबल ठोकायला लागली.

"आणि घर तरी कुठलं तिचं? साक्षीदारच नाहीत."

"देव हाय की!"

"देवाला खोटा कोण म्हणतंय? पण मृत्युपत्राला दोन माणसं लागतात. तुम्ही सही करताना बघणारी, तुमच्यासमोर स्वतः सही करणारी. उद्या कुणी भांडलं तर कोर्टात येऊन सांगणारी. तुमच्यापेक्षा तरुण बघा, धडधाकट बघा. आणि रेश्मा नको, तिलाच मिळणार आहे."

बाकीचं सगळं वकीलबाईंनी पाहिलं. भिकाजीनं धरला तो 'धडधाकट' एवढाच शब्द.

दुसऱ्या दिवसापासनं गावाची तपासणी सुरू झाली. हॉटेलवाला वासू खोकला. "बिडीचा हाय रे, रोगाचा न्हवं," तो म्हणाला. "मग तर न्हाईच," म्हणून भिकाजी उठला. येसाजी अंगानं पैलवान, पण संदीपच्या ट्रकवर हमाली करतो. प्रज्योत तरुण, पण मोटारसायकल अशी हाणतो की सही करायला पोचेल याचीच खात्री नाही. उरलेल्यांना भिकाजीनं काहीतरी निमित्त काढून स्टेशनचा जिना चढवला आणि वर पोचल्यावर छातीकडं बघत उभा राहिला.

"बैल घेताना दात बघत्यात!" शेजारचा परशुराम ओरडला. "तू माणसाची फुप्फुसं बघायलास व्हय?"

ओरडला, पण दम न लागता ओरडला. परशुराम पास झाला. दुसरी निवडली फुला, गोळ्या-औषधं वाटत दारोदार फिरणारी आशाताई. ती जिना चढताना उलट भिकाजीलाच रागं भरत होती, तेही धापा न टाकता.

जोयड्याला वकीलबाईंनी सगळं मोठ्यानं वाचलं. घर, विहीर, फणस, ज्याचा त्याचा नंबर. भिकाजीनं सही केली. मग परशुराम पेन उचलताना शिंकला आणि भिकाजीचा चेहरा उतरला. सह्या झाल्या, कचेरीत नोंदही झाली.

"आता निवांत राहा, मामा," वकीलबाई म्हणाल्या.

निवांत? सकाळी ठोकलेली चावी गाडी गेली की पुन्हा हलते, हे काय त्याला कुणी शिकवायचं? आता रोज उजाडलं की तो परशुरामाच्या दारात. त्याच्या खिशातली गुटख्याची पुडी काढून चुलीत टाकतो. आभाळ भरलं की छत्री घेऊन फुलाच्या मागं धावतो.

"ए रेश्मा," फुला फाटकातनं ओरडते, "ह्याला आवर गं! आमास्नी जगवता जगवता ह्योच शंभरी गाठतोय. मग आमच्या साक्षीचा उपयोग काय?"

काल संध्याकाळी रेश्मानं त्याला हाताला धरून विहिरीच्या कठड्यावर बसवलं.

"बाबा, कागद पक्का झाला. घर माझं, विहीर माझी. पण मला बसलेला बाबाबी पायजे की नको?"

भिकाजी बसला. खरोखर बसला. बोटं कठड्यावर ठेवली आणि ठोकली नाहीत. रेश्माही शेजारी टेकली.

तेवढ्यात कुंपणापलीकडं परशुराम खोकला.

भिकाजीनं रेश्माकडं बघितलं. रेश्मानं सुस्कारा सोडला, आत गेली आणि आल्याचा तुकडा आणून त्याच्या हातावर ठेवला.