म्हाळाचा भोपळा

भूत करायचं ठरलं तेव्हा घरात भोपळा एकच होता, आणि तो म्हाळाचा होता.

म्हाळ, म्हणजे पितृपक्षातलं श्राद्ध, माझ्या बायकोचं, सुमनचं. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. अविधवा नवमीला तिचा पहिला म्हाळ घालायचा म्हणून मुलगा महेश पुण्याहून कोकणात, आरोंद्याला माझ्याकडे आला, सोबत नात स्वरा. स्वराच्या शाळेने आजी-आजोबांच्या मदतीने काहीतरी भीतीदायक बनवून त्याचा फोटो आणायला सांगितलं होतं. (आमच्या वेळी शाळाच भीतीदायक असे, वेगळं काही बनवावं लागत नसे.) आजी नव्हती, तेव्हा सगळा भार आजोबांवर आला. दीड वर्षात माझ्याकडे कुणी काहीही मागितलं नव्हतं. मी लगेच सुरी शोधायला उठलो.

भोपळ्याला डोळे कोरले, दात कोरले. निघालेल्या गराचे घारगे केले, तेही भुताच्या आकाराचे, डोळ्यांच्या जागी काळे वाटाणे लावून. तळणीत ती भुतं अशी टम्म फुगली, की घाबरवायला आलेली न वाटता जेवून निघालेली वाटू लागली. मग घरामागच्या परड्यात, दगड रचलेल्या गडग्याच्या कडेला बांबू रोवला, त्याला माझा जुना शर्ट घातला आणि वर भोपळा बसवला. स्वराला ते ध्यान फारच सज्जन वाटलं. म्हणून महेशच्या लग्नाच्या दोन सीड्या डोळ्यांच्या खोबणीत खोचल्या. (ते लग्न पुन्हा पाहायची घरात कुणाची मागणी नव्हती.) उन्हात ते डोळे असे लखलखले की मीच दोन पावलं मागे सरलो. शेजारच्या आवाठात घरोघरी आमचं कौतुक झालं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी चांगली झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली बहीण आक्का वेंगुर्ल्याहून स्वयंपाकाला आली. भाजीला भोपळा कुठे आहे म्हणून तिने विचारलं. मी बोट दाखवलं.

"म्हाळाच्या भोपळ्याक दात काडलंस?" एवढंच म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून वडे थापायला बसली. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

भटजी विधी उरकून पुढच्या घरी गेले. महेशने केळीच्या पानावर वडे, खीर, काळ्या वाटाण्यांचं सांबारं वाढलं आणि पान नेऊन गडग्यावर ठेवलं. आता कावळा शिवला की आम्ही जेवायला मोकळे. कावळे होते. समोरच्या माडावर रांगेने बसून होते. एखादा खाली झेप घ्यायचा, निम्म्यावर यायचा आणि किंचाळत परत फिरायचा. आरोंद्यातले कावळे माणसाच्या हातातला बांगडा पळवतात, ते आज खिरीला भीत होते.

"तिचा कायतरी रवलेला आसा," आक्का म्हणाली. झालं! प्रत्येक जण सुमनचं काय राहिलं ते आठवू लागला. महेशने चहाचा कप नेऊन ठेवला, कारण आईला जेवणाआधीही चहा लागायचा. कावळा नाही. घराची गळकी कौलं या दिवाळीआधी बदलतो असं त्याने हात जोडून सांगितलं. कावळा नाही. मग आक्काने खाली बघत कबूल केलं, की सुमनचा तांब्याचा हंडा दिवसकार्य झाल्यावर तिने वेंगुर्ल्याला नेला होता, तो ती परत आणून देईल. (तो हंडा मी वर्षभर शोधत होतो.) कावळा तरीही नाही. मी तपकीर सोडल्याचं जाहीर केलं. माडावरचे दोन कावळे उडूनच गेले.

एव्हाना सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, पण हसणार कोण? ऊन चढलं. पानावरच्या वड्यांना मुंग्या लागल्या. तिच्या हयातीत सुमन कधी माझ्याआधी जेवली नाही, आणि आज तिच्यासाठी वाढलेलं पान तसंच पडून होतं. ती माझ्यावर रुसली आहे असं मला खरोखर वाटू लागलं.

मग महेश हळूच म्हणाला, "बाबा, तिचो जीव तुमच्यात अडाकलो आसा. तुमी हय एकटे रवतास. पुण्याक येतंय म्हणान सांगा तिका."

हे तो दीड वर्ष सांगत होता आणि दीड वर्ष मी नाही म्हणत होतो. माझी खाडी, माझे माड, ओटीवरची माझी खुर्ची, हे सोडून मी कुठे जायचं? पण ते पान मला बघवेना. मी गडग्यासमोर उभा राहिलो.

"सुमन, मी महेशवांगडा पुण्याक जातंय. तू जेव."

सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मी मिटले नाहीत, ती येते का ते मला बघायचं होतं. तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. बाकीच्यांना वाटलं असणार की नारळ पडला, कारण कुणी डोळेही उघडले नाहीत. मी मात्र पाहिलं. भुताचं मुंडकं बांबूवरून घसरून खाली पडलं होतं, लखलखते डोळे मातीत गेले होते आणि माडावरचे झाडून सगळे कावळे पानावर तुटून पडले होते.

"शिवलो!" आक्का रडत म्हणाली. महेश माझ्या गळ्यात पडला. मी म्हटलं, अरे, सीड्या, त्या सीड्यांना भीत होते ते. आक्काने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, मेलेल्या बायकोक दिलेलो शब्द जेवच्या आधीच फिरवतंस? आमच्या शेतातल्या बुजगावण्याच्या डोक्यावर कावळे बसतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे माझं कुणी ऐकून घेतलं नाही. शिवाय सुमनला खरंच काय हवं होतं, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी मुकाट्याने पाटावर बसलो आणि दोन वडे जास्त खाल्ले.

आता मी पुण्यात नवव्या मजल्यावर राहतो. स्वराला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. बुजगावणी मी आयुष्यात पुष्कळ पाहिली, वानरं हाकलणारी, डुकरं हाकलणारी. मालकालाच हाकलून देणारं मात्र आजवर एकच झालं, आणि ते मी स्वतःच्या हाताने, स्वतःचा शर्ट घालून उभं केलं.