बाईंची वाचनाची पाळी

“नाव घेऊन बोला,” बाई म्हणायच्या. वर्गात कुणी पेशीच्या चित्रावर बोट ठेवून “हे गोल-गोल” म्हटलं तरी हेच, आणि केडगावच्या बाजारात मी “ती हिरवी भाजी द्या” म्हटलं तरी हेच. एकाच शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी भूगोल. रविवारी चर्चमध्येही आमचा बाक एकच, त्यामुळे माझी सुटका कुठेच नव्हती.

महिन्यातून एकदा शास्त्रवाचनाची, म्हणजे बायबलमधला उतारा मोठ्यानं वाचायची, पाळी बाईंची. वाचन संपेपर्यंत सगळी मंडळी उभी राहायची. निवृत्तीनंतर एकदा ऐन मार्चात त्यांनी नाताळचा उतारा वाचला, देवदूत आणि मेंढपाळांचा. जागेवर आल्यावर मी म्हटलं, “बाई, हा डिसेंबरचा.”

“मग? देवदूतांना उन्हाळ्याची सुट्टी असते का?”

आजूबाजूचे हसले. पुढे त्या स्वतःच्याच घराची वाट विचारू लागल्या, तेव्हा कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला. लोक मात्र “बाईंचं ते तसलं” म्हणू लागले, तेही आवाज उतरवून. तुम्हीही ऐकला असेल तो आवाज. जित्या माणसाला आधीच पोहोचवून येणारा. मला त्याची चीड यायची.

एका प्रार्थनासभेत मंडळीतले एक वडीलधारे, काष्टीकडचे शेतकरी, मायेनंच म्हणाले, “बाई, देवाची परीक्षा हाय ही. आता वाचन ऱ्हाऊ द्या. लई तरास व्हतो तुमाला, आमी बगतो ना.”

त्या सभेत ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, अशी रीत आहे. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी मेंदूची साक्ष दिली.

“परीक्षा नाही, प्रथिनं आहेत. मेंदूच्या पेशींच्या मधे अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे गोळे साचतात, एकीचा निरोप दुसरीला नीट पोहोचत नाही. पेशीच्या आत टाऊ नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते वाहतुकीचे रूळ धरून ठेवतं. ते सुटतं, त्याचा गुंता होतो, रसद थांबते आणि पेशी मरते. हे का सुरू होतं ते अजून पुरतं कुणाला कळलेलं नाही. पण यात माझं पाप नाही, आणि मला लाजही वाटत नाही. माझ्या काही पेशी मेल्यात. मी नाही मेले. पाळी माझीच राहील.”

ते वडीलधारे खाली बघत म्हणाले, “व्हय, तुमचीच ऱ्हाऊ द्या मंग.”

बरेच महिने त्या वाचत राहिल्या. मी शेजारी उभी राहून ओळीखाली बोट धरायचे. एकेक वचन दोनदा यायचं, आम्ही दोनदा ऐकायचो.

बाईंना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं शेवटचं वाचन मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. पुस्तक उघडलं, मी बोट ठेवलं, पण त्यांचा आवाज आलाच नाही. चर्चचे पाळक हळूच पुढे सरकले. बाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

“आज अक्षरं लागत नाहीत,” त्या म्हणाल्या. “पण पाळी माझी आहे.”

आणि पुस्तकावर नजर लावून ताठ उभ्या राहिल्या, अख्खा उतारा वाचून व्हावा इतका वेळ. कुणीही बसलं नाही. गुडघ्यांनी बेजार झालेले ते काष्टीकडचे वडीलधारेही नाहीत.

शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं.

“झालं वाचून,” त्या म्हणाल्या. “बसा आता.”

आम्ही बसलो.