युनूस पाणबुडीत उतरला तेव्हा...

डेअरीत दूध घालून परत निघालो होतो, तेवढ्यात शमीमभाभींचा फोन आला. "भावजी, ह्ये गेले..." युनूस सकाळी चहा घेता घेता गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही दोघं गावच्या एकाच विहिरीत पोहायला शिकलो. मी शेतीत राहिलो, तो नौदलात पाणबुड्या, म्हणजे खोल पाण्यात बुडी मारून काम करणारा, झाला. सुट्टीवर आला की पारावर नुसता दंगा असायचा. मग एका वर्षी धक्क्याला लागलेल्या पाणबुडीत स्फोट झाला आणि ती आतल्या खलाशांसकट बुडाली. युनूसची तुकडी तिथं उतरली. त्यानंतर तो घरी आला तो मुका होऊनच. विचारलं तर "ड्युटी होती," एवढंच म्हणायचा.

निवृत्तीनंतर एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर चहाला थांबलो, तेव्हा आपणहून बोलला. "पाणी तेलानं काळंकुट्ट. डोळ्यापुढं धरलेला हात दिसत न्हवता. पयल्यांदा हातोडीनं पत्रा वाजवला. आतनं कोण तरी वाजवंल म्हणून कान लावून थांबलो. परत वाजवला... कायबी न्हाय." आगीनं दारं वाकून घट्ट बसली होती. ती कापून, जेमतेम अंग शिरेल एवढ्या फटीतून हे लोक आत जायचे आणि चाचपत एकेकाला बाहेर आणायचे. एकदा जोडीदाराची हवेची नळी फाटक्या पत्र्यात अडकली. वरून युनूसला परत फिरायचा हुकूम आला. तो हलला नाही. अंधारात हातानंच पत्रा वाकवून नळी सोडवली आणि जोडीदाराला घेऊनच वर आला. तळहात फाटले होते. पट्ट्या सुटल्यावर पुन्हा उतरला.

धक्क्यावर एका खलाशाचे वडील बसून असायचे, आपल्या गडहिंग्लजकडचेच. मुलगा सापडल्यावर त्यांनी युनूसला विचारलं, "लई तरास झाला आसंल का रं त्येला?"

"न्हाय मामा. झोपंतच गेला."

हे सांगून युनूसनं कप खाली ठेवला. म्हणाला, "दाराशी गावला त्यो. दार उघडायच्या चाकावरनं बोटं सोडवाय लागली मला..."

परवा भाभींना भेटायला गेलो. पाय धुवायला न्हाणीत शिरलो आणि सवयीनं वर हात नेला. दाराला कडी नव्हती, स्क्रूची भोकं तेवढी होती. गावी परत आल्यावर युनूसनं घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या होत्या. आत कोणी असलं की खाकरायचं, हाच त्या घराचा रिवाज. बाहेर थोरला मुलगा म्हणत होता, "अम्मी, आता बसवूया की कड्या."

"ऱ्हाऊ दे," भाभी म्हणाल्या.

मी दार नुसतं लोटून घेतलं आणि खाकरलो.