तळाचा थर

त्याला सगळे ओळंबा म्हणतात. कागदोपत्री त्याचं काहीतरी नाव असेलच, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघेल, कुणाला बोलावताहेत म्हणून. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. माझ्या घराच्या चारही भिंती त्याच्याच हातच्या, आजवर एकीनेही पोट काढलेलं नाही. भिंत चढत असताना तो एक डोळा मिटून ओळंब्याच्या दोरीकडे असा बघायचा, की दोरीनेच लाजून सरळ व्हावं. माणूस वाकडं बोलला तर तो ऐकून घेई, वीट वाकडी बसलेली मात्र त्याला खपत नसे.

मग गुडघे गेले. शिडी सुटली. थापी, गुण्या, पाणसळ, सगळी हत्यारं पोत्यात गेली आणि ओळंबा खिडकीशी खुर्चीत बसला. दोन वर्षं बसला. समोरच्या घराच्या कठड्याला अर्ध्या बोटाचा उतार आहे, हे एवढ्या काळात त्याचं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगून झालं. घरमालकाला तर तीनदा.

त्याच्या बायकोला सगळे बाई म्हणतात. बालवर्गाच्या बाई. निम्म्या गावाला नाक पुसायला त्यांनी शिकवलं, म्हणून त्यांना सगळे अहोजाहो करतात आणि ओळंब्याला अरेतुरे. त्याची काही तक्रार नाही.

मोठ्या सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी बाई बालवर्गासाठी घरून थराच्या वड्या न्यायच्या. नोकरी संपली, तरी वड्या थांबल्या नाहीत. सुरू होऊन सव्वीस वर्षं झाली. करायला अगदी सोप्या. तळाला लोण्यात कालवलेला बिस्किटांचा भुगा, त्यावर चॉकलेटचे तुकडे, मग अक्रोड, मग खोबऱ्याचा कीस, आणि सगळ्यावरून डब्यातलं घट्ट गोड दूध. ओव्हनमध्ये ठेवा, गार करा, कापा. खोड एकच. बाईंची वडी भुसभुशीत. मुलं एका हाताने खायची आणि दुसरा हात हनुवटीखाली धरायची.

यंदा चार दिवस आधी बाई अंगणात घसरल्या. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर आलं. शाळेच्या नव्या मोठ्या बाई भेटायला आल्या. मनाने चांगल्या. उठताना म्हणाल्या, "बाई, तुम्ही वड्यांची काळजी करू नका हं. यंदा आपण दुकानातून केक मागवू."

बाई हसल्या. दार लागलं आणि हसूही मिटलं.

"ऐकलंत? दुकानातून."

"एका वर्षाचा तर प्रश्न आहे," ओळंबा म्हणाला.

"एकदा सोय लागली की ती कायमची लागते. नोकरी गेली, वर्ग गेला. वर्षातला हा एक दिवस उरलाय, शाळेत कुणी माझी वाट बघतं असा."

ओळंब्याने खुर्ची खिडकीकडून आत वळवली. मग म्हणाला, "हात माझे, तोंड तुझं."

"म्हणजे?"

"तू सांगायचं, मी करायचं. नाहीतरी पस्तीस वर्षं तू सांगतेच आहेस."

"आणि तुम्ही करताय कधी!"

शाळेत वड्या न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी ओळंब्याने पोतं सोडलं. पाणसळ काढून धुतली, पुसली आणि थेट ओव्हनच्या डोक्यावर ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला.

"बघ. तुझा ओव्हन डावीकडे झुकलाय. म्हणून तुझ्या वड्या एका बाजूने जाड."

"सव्वीस वर्षांत कुणी तक्रार केली नाही."

"कशाला करतील? जाड बाजूची उचलत असतील."

त्याने ओव्हनच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, बुडबुडा मधे आला, मगच त्याचा जीव खाली पडला. ट्रेला चारही कोपऱ्यांतून तेल चोळलं. स्लॅब घालताना फळ्यांना तेल लावलं नाही तर फळ्या सुटत नाहीत, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

एवढ्यात लेक आली. प्लास्टर दाखवायला आईला दवाखान्यात न्यायचं होतं. बाई चपला घालता घालता सांगत होत्या, "भुगा नीट दाबून बसवा. मग एकावर एक थर, वरून दूध, आणि सोनेरी झालं की बाहेर. जमेल ना?"

"दोन मजली घरं बांधलीत मी."

आता दाबून बसवा म्हणजे काय? बाईंच्या लेखी वाटीच्या बुडाने चार थापट्या. गवंड्याच्या लेखी पाया. पाया सैल राहिला की घर खचतं. ओळंब्याने खलबत्त्यातला बत्ता घेतला, कागदात गुंडाळला आणि जमीन ठोकून बसवावी तसा भुगा धुमसायला लागला. कोपरे, कडा, मधला भाग, पुन्हा कोपरे. अर्धा तास धुमसला. भुगा अर्ध्या उंचीचा झाला. गुडघे दुखत होते, पण तोंडाने शीळ चालू होती. दोन वर्षांत ती शीळ आम्ही शेजाऱ्यांनी ऐकली नव्हती.

बाई आणि लेक परतल्या तेव्हा दारातच वास आला. दोघी ट्रेवर वाकल्या. वडी पाण्यासारखी सपाट, कडा काटकोनात, रंग मधाचा. गार झाल्यावर लेकीने सुरी घातली. वरच्या थरांतून सुरी सहज उतरली आणि तळाशी टक्कन थांबली. तिने दोन्ही हातांनी जोर लावला. सुरी वाकली.

"बाबा, ही वडी आहे की फरशी?"

बाईंनी डाव्या हाताच्या बोटाने टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. "किती दाबलंत?"

"पाया दाबतात तितकाच."

बाईंना हसू फुटलं. पडल्यापासून पहिल्यांदाच त्या मनापासून हसल्या, पार पोट धरून, आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. मग थांबल्या. घट्ट दुधाचे डबे दुकानात उरले नव्हते, शेवटचे दोन ओळंब्यानेच आणले होते. सकाळी दहाला शाळा.

"मोठ्या बाईंना फोन लाव गं," त्या लेकीला म्हणाल्या. "केक मागवा म्हणावं."

"कुणी फोन करायचा नाही," ओळंबा म्हणाला. सुरीच्या जोराने कडेचा उडालेला एक कपचा उचलून त्याने तो जिभेला लावला. कपचा जिभेला चिकटला. त्याचा चेहरा उजळला. "अगं, ही कोरडी वीट आहे! कोरडी वीट पाणी पिते. म्हणून तर बांधायच्या आधी भिजवतात. बिस्किटही भाजलेलंच की. ओल दाखवली तर पिणारच."

"वडी भिजवणार?" लेक किंचाळली.

"भिजवायची नाही. नुसती ओल."

तेलामुळे अख्खी लादी ट्रेमधून अलगद सुटली. ती त्याने जाळीवर ठेवली, जाळीखाली गरम पाण्याची थाळी, आणि झाकायला पोत्यातून घमेलं काढलं.

"अहो! घमेलं? चाळीस वर्षं त्यात सिमेंट कालवलंय!"

"हे कोरं आहे." ओळंब्याने ते धुवायला घेतलं. "कामाच्या शेवटच्या दिवशी बिगाऱ्यांनी दिलेलं. वापरायची वेळच आली नाही."

डाव्या हाताने बाईंनी घमेल्यावर घालायचं ओलं फडकं पिळायला घेतलं, एका हाताने ते पिळेना, तेव्हा दुसरं टोक त्याने धरलं.

सकाळी सुरी तळापर्यंत गेली. मधल्या चार तेवढ्या हटून बसल्या, त्या घरी ठेवल्या. बाकीच्या ओळंब्याने दोरी ताणून, काटकोनाला गुण्या लावून कापल्या. एकही वडी दुसरीपेक्षा जाड नव्हती, त्यामुळे शाळेत मुलांची जरा पंचाईत झाली. कुठली उचलावी ते कळेना.

ट्रे ओळंब्याने धरला होता, बाई प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन शेजारी. एका चिमुरडीने सवयीने हनुवटीखाली हात धरला, वडी संपवली आणि तळहात बघितला. रिकामा. तिने तो बाईंना दाखवला.

"बाई, सांडलंच नाही."

मोठ्या बाईंनी दुसरी वडी उचलत विचारलं, "एका हाताने एवढं कसं केलंत?"

"हात यांचे," बाई म्हणाल्या.

"मग पुढच्या वर्षी दोन ट्रे आणा. माझ्या वाट्याला दोनच आल्या."

परतताना ओळंबा हळू चालत होता, गुडघ्यांमुळे. बाईही हळू चालत होत्या, कशामुळे ते त्याच जाणोत.

"पुढच्या वर्षापर्यंत माझा हात बरा होईल," त्या म्हणाल्या.

"होईल की." त्याने रिकामा ट्रे या काखेतून त्या काखेत घेतला.

"तरी तळाचा थर तुमच्याकडे. फक्त कमी धुमसा."

"कमी म्हणजे किती?"

बाईंनी विचार केला. "अंगणाएवढं. घर नाही बांधायचं त्यावर."

"अंगणाला उतार ठेवावा लागतो," ओळंबा म्हणाला, आणि घर येईपर्यंत तो किती ठेवावा हे समजावून सांगत राहिला.