माइकवर न घेतलेलं नाव

क्रांती चौकामागं स्पीकर भाड्यानं देणारे एक चाचा आहेत. आमची भीमगीतांची पार्टी नवी होती, तेव्हा त्यांनी स्वतःचा टेम्पो विकून आमच्यासाठी नवे स्पीकर घेतले.

“पार्टी चाललीच नाही तर?” मी विचारलं.

सवयीप्रमाणं स्पीकरवर तळहात ठेवून ठेका अजमावत ते म्हणाले, “मंग घरी बसून ऐकू. पर माइकवर माझं नाव नका घेऊ. घरी सांगितलंय, टेम्पो दुरुस्तीला गेलाय.”

आज गावोगावच्या सुपाऱ्या मिळतात, त्या त्यांच्याच जिवावर. बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारून झाली, की ढोलकीवाला न चुकता एक थाप चाचांच्या नावानं मारतो.

परवा पाचोडच्या कार्यक्रमाला चाचीही आल्या होत्या. थाप पडली, तशा त्या चाचांकडं वळून म्हणाल्या, “टेम्पो लई छान वाजतोय तुमचा.”